तपासणी तिची, ठपकाही तिच्यावर

नवरा-बायको दोघांनाही एचआयव्हीची लागण झालेली असते, तेव्हा ती आधी कोणाची उघडकीला येते? आपल्याकडे अनेकदा बायकोची, आणि तीही तिला दिवस गेल्यावर. गरोदरपणाची नोंदणी झाली की हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी यांच्या जोडीला एचआयव्ही आणि सिफिलिसचीही तपासणी होते. एरवी धडधाकट असलेल्या तिशीतल्या पुरुषाला दवाखान्याची पायरी चढायला असे निमित्त कधी येतच नाही. त्यामुळे त्याच्या रक्तात कदाचित लग्नाआधीपासून असलेला विषाणू कागदावर पहिल्यांदा उतरतो तो तिच्या नावापुढे. मग घरातला हिशेब सोपा होतो. जिचा रिपोर्ट आधी आला, रोग तिनेच आणला. ‘आमच्या घरात असलं काही नव्हतं’, हे वाक्य सासरी ठरलेले असते. नवरा एक तर गप्प बसतो, नाहीतर हात उचलतो.

माझे म्हणणे असे आहे. आईकडून बाळाला होणारी लागण थांबवण्यासाठी आपण प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करतो, आणि ती केलीच पाहिजे. पण ही तपासणी करून घरात आरोपी म्हणून पहिल्यांदा तिला आपणच उभे करतो. तेव्हा रिपोर्टनंतर तिच्यावर काय ओढवते, तिला मार बसतो का, गोळ्या फेकून दिल्या जातात का, तिला घराबाहेर काढले जाते का, या गोष्टींचे उत्तरदायित्वही त्याच आरोग्य कार्यक्रमावर येते. ‘घरगुती मामला’ म्हणून तो प्रश्न दुसऱ्या खात्याच्या टेबलावर सरकवण्याची सोय कार्यक्रमाला नाही.

लागण कुठून कुठे जाते, याविषयी निदान महाराष्ट्राने तरी अनभिज्ञ असू नये. पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत १९९० च्या दशकात आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास १९९७ साली अमेरिकेच्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातल्या ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, साध्या घरसंसारातल्या होत्या. त्यांच्यापैकी १३.६ टक्के जणींना एचआयव्हीची लागण आढळली. त्यांतल्या बहुतेकींचा आयुष्यात नवऱ्याखेरीज कोणाशीही संबंध आलेला नव्हता. या अभ्यासाचे पहिले लेखक डॉ. रमण गंगाखेडकर, म्हणजे करोनाच्या काळात पत्रकार परिषदांमुळे घराघरांत पोहोचलेले तेच. पाव शतकाहून जुना हा निष्कर्ष डॉक्टरांना पाठ आहे, पण गावातल्या ओसरीपर्यंत तो अजून पोहोचलेला नाही.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ‘बिचारीचा काय दोष, नवऱ्यानेच दिला’ एवढ्यावर तिचा बचाव उभा केला, की ज्या बाईला लागण नवऱ्याकडून झालेली नाही तिला मारायला आपणच मोकळीक देतो. लग्नाआधीचे संबंध, जबरदस्ती, रक्त चढवणे, जन्मतःच झालेली लागण, कारण काहीही असेल. जन्मापासून एचआयव्हीसोबत जगत मोठ्या झालेल्या मुली आता स्वतः आई होऊ लागल्या आहेत. सांगलीत १९९० च्या दशकात ‘संग्राम’ आणि ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ यांच्या कामातून देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया संघटित झाल्या. त्यांनाही मुले होतात, त्यांचाही एक कायमचा सोबती असतो, ज्याला त्या ‘मालक’ म्हणतात, आणि त्याचा मारही त्या खातात. मार न खाण्याचा हक्क चारित्र्याच्या दाखल्यावर अवलंबून ठेवता येणार नाही.

आता हिंसा म्हणजे काय, तेही नीट पाहू. थोबाडीत मारणे, पोटावर लाथ मारणे हे डोळ्यांना दिसते. पण एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईच्या वाट्याला येणाऱ्या बऱ्याच गोष्टींचा वळ अंगावर उमटत नाही. एचआयव्हीची औषधे जिथे मिळतात त्या एआरटी सेंटरला जायला गाडीभाडे न देणे. गोळ्यांची बाटली शेजाऱ्यांसमोर काढून दाखवण्याची धमकी. ‘पाडून टाक’ म्हणून मागे लागणे, किंवा उलट, मुलगा होईपर्यंत बाळंतपणे लादणे. निरोध वापरायला नकार देणे, आणि तिने आग्रह धरलाच तर ‘आता माझ्यावर संशय घेतेस का?’ म्हणून पुन्हा मारणे. माहेरी फोन करू न देणे. तिची ताट-वाटी वेगळी काढणे. लग्नात चढवलेले दागिने काढून घेणे. पहिले मूल तिच्यापासून तोडून सासूकडे ठेवणे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंध कायद्यात शारीरिक छळासोबत लैंगिक, शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही धरलेला आहे. कायदा इथे आपल्या व्यवहारापेक्षा बराच पुढे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. गरोदरपणात मारहाण झाल्याचे सांगणाऱ्या ३.१ टक्के. हा दुसरा आकडा वाचून हायसे वाटू नये. शंभरांत तिघी म्हणजे तालुक्याच्या दवाखान्यात तपासणीच्या वारी जी रांग लागते, त्या रांगेत अशी एखादी तरी उभी असते. शिवाय हा आकडा केवळ शारीरिक माराचा आहे. वर सांगितलेले गाडीभाडे आणि गोळ्यांची बाटली त्यात येत नाहीत.

हिंसा आणि एचआयव्ही यांचा संबंध दोन्ही दिशांनी जातो. तिसऱ्या कुटुंब आरोग्य पाहणीत (२००५-०६) काही लोकांचे रक्तही तपासले होते. त्या माहितीवरून २८,१३९ विवाहित स्त्रियांचा अभ्यास २००८ साली ‘जामा’मध्ये आला. नवऱ्याकडून शारीरिक आणि लैंगिक अशी दोन्ही प्रकारची हिंसा सोसलेल्या स्त्रियांत एचआयव्हीचे प्रमाण ०.७३ टक्के होते, आणि हिंसा न सोसलेल्यांत ०.१९ टक्के. जवळजवळ चौपट. त्याआधी २००४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेतोमध्ये गरोदर स्त्रियांच्या दवाखान्यांत झालेल्या अभ्यासातही हेच दिसले होते. ज्यांचे जोडीदार मारकुटे होते किंवा बाईवर सतत अंकुश ठेवणारे होते, त्यांच्यात लागण जास्त होती. यामागचे कारण अवघड नाही. जो पुरुष घरात जबरदस्ती करतो तो बाहेरही जोखीम घेण्याची शक्यता अधिक असते, आणि त्याच्यापुढे निरोधाचा विषय काढायची बायकोची छाती होत नाही.

दुसरी दिशा औषधांची आहे. गोळ्या नियमित घेतल्या तर रक्तातला विषाणू इतका दबतो की तो तपासणीत सापडत नाही. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. नीट उपचारांनी ते पाच टक्क्यांच्या खाली येते. यातले सगळे यश ‘नियमित’ या शब्दावर उभे आहे. जोडीदाराची हिंसा आणि एचआयव्हीचे उपचार यांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांमध्ये औषधे नियमित घेतली जाण्याची शक्यता जवळपास निम्मी आढळली, आणि विषाणू दबलेला असण्याची शक्यताही लक्षणीय कमी होती. म्हणजे घरातला मार थेट बाळाच्या रिपोर्टमध्ये उतरू शकतो. बाळाला वाचवायचे तर आईचा मार थांबवावा लागेल, हा युक्तिवाद अधिकाऱ्यांना पटकन पटतो. तो खरा आहे, पण मला अपुरा वाटतो. बाळ पोटात नसते तरी तिला मारणे वाईटच होते.

आई म्हणजे बाळापर्यंत जायची वाट, ही दृष्टी या कार्यक्रमाच्या जन्मापासूनची आहे. भारतात २००० नंतर सुरुवातीची बरीच वर्षे पद्धत अशी होती की कळा सुरू झाल्या की आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला त्याच औषधाचा एक डोस. ती गोळी बाळासाठी होती, आईच्या स्वतःच्या आजारावर तिचा काही उपयोग नव्हता. उलट अशा एकाच डोसामुळे तिच्या शरीरातला विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका होता, म्हणजे पुढे तिला उपचारांची गरज पडली तर एक हत्यार आधीच बोथट झालेले. सरकारी एआरटी मोफत मिळू लागली एप्रिल २००४ पासून, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणी, तीही रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी बऱ्याच घटल्यावर. गरोदर बाईला रिपोर्ट आल्याबरोबर, तिच्या स्वतःसाठी, आयुष्यभराचे उपचार सुरू करण्याचे धोरण आले २०१४ मध्ये. औषधांच्या बाबतीत आईला माणूस म्हणून गणायला एवढी वर्षे लागली. सुरक्षिततेच्या बाबतीत ते व्हायचे आहे.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातली आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशनाची आणि तपासणीची खोली कशी असते? एक टेबल, दोन-तीन खुर्च्या, लोखंडी कपाट, भिंतीवर लाल फितीचे पोस्टर, कोपऱ्यात निरोधांचे खोके. दाराला पडदा. बाहेर बाकावर सासू मांडीवर पिशवी घेऊन बसलेली. ही खोली कशाची आहे हे दवाखान्यातल्या सगळ्यांना ठाऊक असते. रक्त द्यायला गेलेल्या बाकीच्या बायका पाच मिनिटांत बाहेर येतात, हिला अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात समुपदेशकाला तिला रिपोर्ट समजावून सांगायचा असतो, धीर द्यायचा असतो, हा आजार आता गोळ्यांवर आटोक्यात राहतो हे पटवायचे असते, एआरटी सेंटरची चिठ्ठी द्यायची असते, बाळंतपण दवाखान्यातच कर असे बजावायचे असते. आणि जाता जाता एक वाक्य येते: ‘पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या.’

सगळ्या कार्यक्रमाची मेख या वाक्यात आहे. ते बोलणारी समुपदेशक वाईट नसते. बहुधा कंत्राटी पगारावर, दिवसाला कितीतरी जणींशी बोलून घसा बसलेली ती बाई असते, आणि नवऱ्याची तपासणी व्हावी ही तिची अपेक्षा रास्तच असते. पण त्या वाक्याने नवऱ्याला दवाखान्यात आणायचे काम जिच्या पायाखालची जमीन आत्ताच सरकली आहे तिच्यावर पडते. ‘का यायचं?’ या त्याच्या पहिल्या प्रश्नाला ती काय उत्तर देणार? खरे सांगितले तर रोग तिच्या नावावर चढतो. खोटे सांगितले तर पुढे ते उघडे पडल्यावर लपवल्याचा गुन्हा वेगळा. काही जणी ही दोन्ही संकटे टाळायला दवाखान्यात परत येतच नाहीत. कागदावर त्यांच्या नावापुढे ‘संपर्क तुटला’ असा शेरा पडतो. तो का तुटला हे विचारायला कोणी त्यांच्या दारात गेलेच, तर गल्लीला बातमी कळण्याचे भय आणखी वेगळे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रिपोर्ट सांगितला की प्रत्येक घरात मारामारी होते, असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला. जोडीदाराला सांगितल्यावर हिंसा झाल्याचे ३.५ ते १४.६ टक्के स्त्रियांनी नोंदवले होते. अनेक जणींना आधार मिळाला. बायकोचा हात धरून एआरटीच्या रांगेत बसणारे, तिच्या गोळ्यांची वेळ स्वतः लक्षात ठेवणारे नवरे महाराष्ट्रातल्या कोणत्याही केंद्रावर दिसतात. म्हणून ‘सांगूच नका’ असा सल्ला सरसकट देणे चूक ठरेल. पण कोणत्या घरात आधार मिळेल आणि कोणत्या घरात दांडका, हे सगळ्यांत चांगले त्या बाईलाच माहीत असते. तेव्हा कधी, कसे, कोणासमोर सांगायचे हा निर्णय तिचा राहू द्यावा आणि त्या निर्णयात तिला सोबत करावी, एवढेच व्यवस्थेचे काम आहे.

आपला कायदाही याच बाजूचा आहे, हे फारसे कोणाला माहीत नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली एका प्रसिद्ध खटल्यात रुग्णालयाने एका पुरुषाच्या वाग्दत्त वधूच्या बाजूला त्याचा एचआयव्हीचा रिपोर्ट कळू दिला ते योग्य ठरवले होते. तिथून जोडीदाराच्या माहितीच्या हक्काची चर्चा सुरू झाली. तेव्हा डोळ्यांसमोर होता लागण लपवणारा पुरुष आणि धोक्यात असलेली वधू. गरोदर बायकोच्या बाबतीत परिस्थिती उलटी होते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या नवव्या कलमानुसार डॉक्टर किंवा समुपदेशक काही अटी पाळूनच जोडीदाराला सांगू शकतात: जोडीदाराला खरोखर मोठा धोका असला पाहिजे, आधी त्या व्यक्तीला स्वतः सांगण्याविषयी समुपदेशन झाले पाहिजे, ती सांगणार नाही याची खात्री झाली पाहिजे, आणि आपण सांगणार आहोत हे तिला आधी कळवले पाहिजे. त्याच कलमात पुढे स्पष्ट म्हटले आहे की, विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, सांगितल्याने मारहाण होईल, तिला टाकून दिले जाईल, किंवा तिच्या अथवा तिच्या मुलांच्या जिवाला-मनाला गंभीर धोका होईल अशी रास्त भीती असेल तर जोडीदाराला सांगायचे नाही. याच कायद्याने तिला राहत्या घरातून बाहेर न काढले जाण्याचा हक्कही दिला आहे. पण ‘रास्त भीती’ आहे की नाही हे कळायचे कसे? तिला विचारल्याशिवाय कळणार नाही. ते विचारण्याची सक्ती मात्र हे कलम करत नाही. हिंसेविषयी प्रश्नच न विचारता नवऱ्याला रिपोर्ट सांगणारा आरोग्यसेवक कायद्याच्या हेतूविरुद्ध वागतो, असे माझे मत आहे.

‘मग नवऱ्याचे काय? त्यालाही उपचारांचा हक्क आहे’, हा आक्षेप मला मान्य आहे. त्याच्यावर उपचार झाले नाहीत तर तो मरेल, आणि तपासणीत निगेटिव्ह आलेल्या बायकोलाही गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना त्याच्याकडून नव्याने लागण होऊ शकते. ताज्या लागणीत विषाणूचे प्रमाण फार जास्त असल्याने बाळाचा धोकाही वाढतो. म्हणून त्याची तपासणी झालीच पाहिजे. फक्त तिचे बोलावणे बायकोच्या रिपोर्टच्या मागोमाग, बायकोच्या तोंडून जाऊ नये. गरोदर बाईची नोंदणी होते त्याच दिवशी, कोणाचाही रिपोर्ट हातात येण्याआधी, होणाऱ्या प्रत्येक बापाला त्याच्या स्वतःच्या नावाने तपासणीचे बोलावणे जावे: रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, सिफिलिस, एचआयव्ही, सगळे एकत्र. सगळ्यांनाच बोलावणे आले की कोणालाच वेगळे काढले असे होत नाही. दोघांचे रिपोर्ट सोबत आले की ‘कोणी आणला’ या प्रश्नाची धारही कमी होते.

यात अडचणी आहेत. सकाळी नऊ ते एकच्या ओपीडीत रोजंदारी बुडवून कोणी येत नाही. ऊसतोडीला गेलेला नवरा सहा महिने कारखान्याच्या तळावर असतो, मुंबई-सुरतेला गेलेला दिवाळीलाच घरी येतो. म्हणजे संध्याकाळचे आणि रविवारचे दवाखाने लागतील, गाळप हंगामात तळावर जावे लागेल. आणि बापाचे येणे ही सक्ती होता कामा नये. टांझानियात जोडीदाराला घेऊन येण्याचा आग्रह इतका ताणला गेला की एकट्या गेलेल्या बायकांना परत पाठवल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे टाकलेल्या, विधवा, अविवाहित गरोदर मुली थोड्या नाहीत. बोलावणे सगळ्यांना, अट कोणालाही नाही, असे सूत्र ठेवावे लागेल.

पुन्हा घरात येऊ. हल्ली बहुतेक रुग्णांना तीन औषधे एकत्र असलेली एकच गोळी रोज घ्यावी लागते. पूर्वीच्या दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्यांपेक्षा हे किती सोपे! तरीही प्लॅस्टिकच्या बाटलीत तीस गोळ्या असतात, बाटली हलली की खुळखुळते, आणि तिच्यावरचे नाव कोणीही फोनवर शोधू शकतो. बायका लेबल खरवडून काढतात, बाटलीत कापूस कोंबतात, साडीच्या घडीत किंवा डाळीच्या डब्यात ती ठेवतात. गोळी घ्यायची वेळ सगळे झोपल्यावरची. आईची गोळी अशी लपवता येते, बाळाचे औषध लपवता येत नाही. जन्मल्यापासून निदान सहा आठवडे बाळाला रोज नेव्हिरापिनचे पातळ औषध पाजायचे असते. बाळंतिणीच्या खोलीत सासू असते, बाळाला न्हाऊ घालणारी बाई येते, जावा डोकावतात. ‘धडधाकट पोराला रोज कसलं औषध?’ याचे उत्तर तिच्याकडे तयार हवे.

त्यातच सांगितलेले असते की पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध, पाणी नाही, मध नाही, घुटी नाही. बाळघुटीला नाही म्हणणे ही आपल्या घरांत साधी गोष्ट नाही. सहाणेवर वेखंड-हळकुंड उगाळणाऱ्या सासूला थांबवायचे तर सुनेचा घरात काही शब्द चालत असावा लागतो. जिला गेल्या आठवड्यात मार बसला आहे तिचा शब्द चालत नाही. समुपदेशनाच्या पुस्तिकेत ‘आईने ठाम राहावे’ अशा अर्थाचे सल्ले असतात. ठाम राहण्याची किंमत कोणाला किती मोजावी लागते, ते आधी विचारायला हवे.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे, आणि ती या बाबतीत दोन्ही बाजूंनी वागते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकून ती माहेरी गेली की मारापासून काही महिने सुटका होते, हे खरे. पण तिची फाईल सासरच्या जिल्ह्यातल्या एआरटी सेंटरला, बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात. माहेरीही आई-वडिलांना रिपोर्ट सांगितलेला नसतो, कारण घरात लग्नाची धाकटी बहीण असते. शिवाय माहेरपणाला मुदत असते. बाळ दोन-तीन महिन्यांचे झाले की तिला पोचवायला भाऊ निघतो, आणि त्याच घराच्या त्याच खोलीत ती परत जाते, या वेळी कडेवर बाळ घेऊन. धोका संपला असे समजून आपण त्याच काळात तिच्याकडे पाहणे कमी करतो.

विचारायचे ठरवले तर कसे विचारायचे, हे महाराष्ट्राने देशाला दाखवून दिलेले आहे. मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेने २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. सार्वजनिक रुग्णालयातच हिंसाग्रस्त बाईसाठी जागा, ही कल्पना तेव्हा नवीन होती. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे झाली. त्यामागचा विचार असा की पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई दवाखान्यात येतेच, आणि तिथे तिच्याकडे पाहणारा माणूस तयार असेल तर ती बोलते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आरोग्यसेवकाने आधी ऐकून घ्यावे, दोष देऊ नये, सुरक्षिततेचा विचार करावा आणि पुढच्या मदतीशी जोडून द्यावे असे सांगितले. गरोदरपणाच्या तपासणीत हा प्रश्न विचारण्यावर तिचा भर आहे, मात्र विचारणारा प्रशिक्षित हवा, खोली खासगी हवी आणि पुढची मदत हाताशी हवी.

याच अटीकडे बोट दाखवून ‘आधी सोय करा, मग विचारा’ असे म्हणणारे डॉक्टर मला भेटले आहेत. त्यांची भीती खरी आहे. सासू पडद्याबाहेर असताना मोठ्याने ‘नवरा मारतो का?’ असे विचारणे हा त्या बाईवर नवा घाला ठरेल. पण मदत अजिबातच नाही, असेही नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी आहेत, जिल्ह्यांत हिंसाग्रस्त स्त्रियांसाठी ‘सखी’ केंद्रे आहेत, महिलांच्या मदतीचा १८१ हा फोन क्रमांक आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेला ‘स्पेशल सेल’ आज राज्यभर पोलिसांच्या आवारात काम करतो. या सगळ्यांचा आणि एआरटी सेंटरचा एकमेकांशी संबंध जुळलेला हवा. तिला तिथे पाठवले तर पाठवण्याचे कारण सांगताना रिपोर्ट उघड होणार नाही, याची काळजी घ्यायला हवी. आणि निवारागृहात एचआयव्हीचे कारण सांगून तिला प्रवेश नाकारला तर २०१७ च्या कायद्यानुसार तो भेदभाव ठरतो, हे तिथल्या अधीक्षकांना माहीत हवे.

त्या एका खोलीत, आजच्या माणसांनिशी, बरेच काही लगेच करता येते. ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणण्याआधी ‘घरी हे सांगितलं तर काय होईल असं वाटतं?’ असे विचारता येते. तिला थेट उत्तर द्यायचे नसेल तरी चेहरा सांगतो. भीती असेल तर त्या दिवशी नवऱ्याचा विषय बाजूला ठेवता येतो. आठ-दहा दिवसांच्या गोळ्या विश्वासातल्या शेजारणीकडे किंवा कामाच्या ठिकाणी ठेव, आधार कार्ड आणि बाळाचे कार्ड एका पिशवीत हाताशी असू दे, मदतीचा नंबर ‘शिलाईवाली ताई’ अशा कुठल्या तरी नावाने फोनमध्ये ठेव, मार सुरू झाला तर स्वयंपाकघरात अडकू नकोस, तिथे विळी-बत्ता असतो, दाराकडे सरक. असे सांगायला दहा मिनिटे पुरतात. बाळाची तपासणी सहा आठवड्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि शेवटची दीड वर्षाने होते. स्वतःच्या गोळ्यांसाठी तर तिला नेमाने यावेच लागते. एसटीचे भाडे मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे झाले आहे, त्यामुळे खर्चाची सबब थोडी सैल झाली. ‘दवाखान्यात जाते’ म्हणून सासरच्या घरातून वारंवार बाहेर पडता येण्याचे असे निमित्त मार खाणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही बाईकडे क्वचितच असते. हिंसाविरोधी कामाला एवढी सोपी वाट दुसरीकडे शोधून सापडणार नाही. ती वाट आरोग्य खात्याकडे आयतीच आहे आणि आपण तिचा उपयोग करून घेत नाही.

आईकडून बाळाला होणारी लागण संपवल्याचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटना देशांना देते. क्यूबाला २०१५ मध्ये, थायलंडला २०१६ मध्ये आणि आपल्या शेजारच्या श्रीलंकेला २०१९ मध्ये ते मिळाले. भारतालाही तिथे पोहोचायचे आहे, आणि देशात सर्वाधिक एचआयव्हीबाधित ज्या राज्यात आहेत त्या महाराष्ट्राला वगळून ते होणार नाही. बाळांमधली लागण पाच टक्क्यांखाली आणणे, तपासणी आणि उपचार पंचाण्णव टक्क्यांपर्यंत नेणे, हे निकष सगळे सांगतात. त्याच निकषांत हेही आहे की हे यश स्त्रियांच्या मानवी हक्कांना धक्का न लावता, स्त्री-पुरुष समानता राखून मिळवलेले असावे. मंत्रालयातल्या आढावा बैठकीत किती गरोदर स्त्रिया तपासल्या, किती पॉझिटिव्ह, किती एआरटीवर, किती बाळे निगेटिव्ह हे आकडे वाचले जातात. त्यांच्या शेजारी आणखी तीन आकडे मागितले जावेत: किती जणींना घरातल्या भीतीविषयी एकांतात विचारले, किती जणींनी भीती असल्याचे सांगितले, आणि त्यांतल्या किती जणींपर्यंत मदत पोहोचली. त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. समुपदेशकांचे प्रशिक्षण, दाराला पडद्याऐवजी कडी, आणि होणाऱ्या बापांच्या तपासणीसाठी रविवारची ओपीडी, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते, आणि ती येत्या वर्षाच्या जिल्हा आराखड्यातच व्हायला हवी.